देवदूत धुणारी बाई

आई, हे लिहून कुठे ठेवायचं मला माहीत नाही. बाबांसारखीच तुझीही रक्षा आम्ही नदीतच सोडली. काल मी ईलिंगजवळच्या त्या जुन्या सिमेट्रीत गेले होते, तू गेल्यानंतर पहिल्यांदाच.

हॉस्पिटलात पेशंटना भूल देऊन देऊन तू आठवडाभर दमलेली असायचीस, तरी सुट्टीच्या सकाळी बादली आणि जुने टूथब्रश घेऊन तिथे जायचीस. व्हिक्टोरियन काळातल्या कुणा व्यापाऱ्याच्या कबरीवर संगमरवरी देवदूत आहे, कपाळाला हात लावून रडणारा. त्याच्या पंखांच्या खाचांतलं शेवाळ तू नुसत्या पाण्याने काढत बसायचीस. "आपलं काय नातं गं ह्यांच्याशी?" मी एकदा विचारलं. "काही नाही," तू म्हणालीस. "तुझ्या बाबांचं इथे काहीच नाही. हात फिरवायला काहीतरी लागतं मला." तेरा वर्षांची होते, पण मला ते कळलं होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

शाळेची ट्रिप तिथे येते तो बुधवार. त्या दिवशी तुला सुट्टी आहे हे मी विसरलेय. आम्ही सगळ्या मुली वळणावरून येतो आणि समोर तू, साडीवर बाबांचा रेनकोट, गुडघे चिखलात. शेजारची मैत्रीण विचारते, ही कोण? मी म्हणते, "क्लीनर असेल." तू ऐकलंस. बादली बाजूला ओढलीस आणि इंग्रजीत म्हणालीस, "सांभाळून जा मुलींनो, पायरी निसरडी आहे." माझ्याकडेही परक्या मुलीकडे पाहावं तसंच पाहिलंस. माझं खोटं तू निभावून नेलंस. संध्याकाळी पिठलं-भात वाढताना ट्रिप कशी झाली, एवढंच विचारलंस. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तू घरीच राहू लागलीस.

काल आमच्या टूरचा गाइड त्या देवदूतापाशी थांबला. शेजारचे पुतळे लोकांनी तारेच्या ब्रशने घासून खराब केले, म्हणाला, हा मात्र टिकला. "पूर्वी एक इंडियन बाई येऊन हा धुवायची म्हणतात. कुणाला माहीत आहे, कोण ती?" सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी नाही म्हणून मान हलवली.

बरोबर तुझी नात होती. तिने माझी बाही ओढली. "मम, आजीच्या फोटोमध्ये हाच एंजल आहे ना?"

"चल," मी म्हटलं, "पार्किंग संपतंय."

पार्किंग संपायला अजून तासभर होता, आई.