मधली चार मिनिटं

कोल्हार
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय पुष्पाकाकू,

सुमैराचा नमस्कार. गुडघा कसा आहे? अम्मीनं तेलाची दुसरी बाटली काढून ठेवली आहे. इकडे ऊसतोड जोरात, रस्ताभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या. देवळालीला यायला तासही लागत नाही, पण कालपासून तीनदा स्टँडवर गेले आणि माघारी आले. म्हणून लिहितेय.

समर्थचं विमान समुद्रात पडलं त्याला आज अठ्ठ्याऐंशी दिवस झाले. चौकशीच्या कामात मी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. ब्लॅक बॉक्स अजून सापडलेला नाही. आमच्या हाती फक्त विमानानं उपग्रहामार्फत आपोआप पाठवलेले सात निरोप. वेळ, उंची, दिशा. बस.

पंधराव्या दिवशी मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "सुमे, तुझ्यापाशी आकडे हायेत ना? मंग सांग. माझ्या पोरानं मुद्दाम पाडलं का गं इमान?"

"अजून काहीच सांगता येत नाही, काकू."

"टीव्हीवाले तर सांगत्यात."

मी मान खाली घालून पोहे संपवले.

काकू, टीव्हीवर फिरत होतं ते वाक्य माझं होतं. 'इतक्या वेगानं विमान आपोआप उतरत नाही. नाक कुणीतरी मुद्दाम खाली दाबलं असावं.' कच्च्या टिपणातलं. बाहेर कसं गेलं ठाऊक नाही, पण लिहिलं मी. शेवटच्या दोन निरोपांत अठरा हजार फुटांचा फरक होता आणि वेळेत जेमतेम एका मिनिटाचा. कॅप्टन जुने, अनुभवी; समर्थ नवखा सहवैमानिक. म्हणून सगळ्यांचं बोट समर्थकडे गेलं. आमच्या शाळेनं भिंतीवरून त्याचा फोटो काढून टाकला, तेव्हाही मी गप्प होते.

खरं सांगू? तो माझ्या वर्गातला, हे मी वरिष्ठांना आधीच सांगितलं होतं. मग ओळखीच्याला झुकतं माप देते असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्याच्यावर जास्तच कठोर झाले. पुन्हा तपासायला हवं होतं. तपासलं नाही.

ते एक मिनिट मात्र डोक्यातून जाईना. जेवताना, गाडीत, नमाजाला उभी राहिले तरी. शेवटी मूळ नोंदी मागवल्या. आम्ही धरलेली वेळ निरोप जमिनीवर पोहोचल्याची होती, विमानातून निघाल्याची नव्हे. सहावा निरोप पहिल्यांदा गेलाच नव्हता. विमान तो पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं आणि तो तीन मिनिटं उशिरा पोहोचला. म्हणजे विमान ते अठरा हजार फूट एका मिनिटात नाही, चार मिनिटांत उतरलं. संकटात वैमानिक असंच उतरवतात. आणि तेवढ्यात दिशाही बदलली होती, जवळच्या किनाऱ्याकडे.

संकट कसलं, माहीत नाही. हात समर्थचे होते की कॅप्टनचे, तेही आकडे सांगत नाहीत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ते जोडून सांगणार नाही; एकदा जोडलं तेवढं पुरे. पण विमान वाचवायची धडपड चालली होती, हे मी सही करून दिलंय. चूक माझी, हेही. त्यामुळे आता मला या चौकशीतून बाजूला केलंय. दुरुस्ती मान्य झाली आहे, मंगळवारी जाहीर होईल.

त्याआधी, उद्या सकाळी मी येतेय. हे पत्र तुमच्याच हातात देईन. दार उघडलं नाहीत, तर ओट्यावर उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचेन.

खाली 'तुमची' लिहायला हात धजत नाही.

सुमैरा