मी चिडलेलो नाही

४ मार्च, मंगळवार

आजपासून राग बंद. कायमचा. कारण ती आज स्वतः आमच्याकडे आली. समोरच्या इमारतीतून, जिने उतरून, जिने चढून. तिच्या आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, लाकडी, ट्रंकेएवढा. सोळा तारखेला तिच्या बाबांचा साठावा वाढदिवस. (बाबा दातांचे डॉक्टर. स्वतःची मात्र कवळी.) तोवर त्यात ब्लूटूथ बसवायचं, म्हणजे मोबाइलवरची गाणी रेडिओतून वाजतील. जमेल का, म्हणाली. दोन तासांचं काम, म्हणालो.

जाताना थँक्यू दादा म्हणाली. पण ताई समोर बसली होती. चारचौघांत दादा म्हणावंच लागतं.

प्लॅन: सोळाला रेडिओ वाजणार, सगळे टाळ्या वाजवणार, मी तिला गॅलरीत नेऊन मनातलं सगळं सांगून टाकणार. त्या चष्म्याच्या नाकावर टिच्चून. चष्म्याचं दुकान आहे त्याचं, म्हणून चष्मा. स्थळ म्हणून आला आणि आता दर शनिवारी चहा ढोसून जातो. तिनं अजून होकार दिलेला नाही. देणारही नाही. कशाला देईल?

६ मार्च, गुरुवार

मागचा पुठ्ठा उघडला. आत धूळ, एक मेलेलं झुरळ आणि काचेचे व्हॉल्व्ह. चालू केल्यावर बराच वेळ काही नाही. मग व्हॉल्व्ह तांबूस झाले आणि पेटी गुरगुरली. जिवंत आहे! स्वभाव माझ्यासारखाच.

ब्लूटूथची चिमुकली पट्टी आणली. तिला वीज व्हॉल्व्हच्याच तारेवरून दिली. वेगळा चार्जर लावणं हे बावळटांचं काम. परिणाम: घूंऽऽऽ. गाणं कमी, पिठाची गिरणी जास्त.

राग बंद असल्यामुळे स्क्रूड्रायव्हर फेकला नाही. खाली ठेवला. जरा जोरात. तो उडून आमच्या बाबांच्या चहात पडला. बाबा म्हणाले, हे सगळं तिसऱ्या वर्षाला शिकवत असावेत, तू दुसऱ्यातच उठून आलास. कितीदा सांगायचं यांना? मी कॉलेज सोडलेलं नाही. कॉलेजला माझा वेग झेपला नाही.

७ मार्च, शुक्रवार

शॉक बसला. प्लग काढायचा राहिला होता, मान्य. पण एवढ्यावरून माणसाला भिंतीवर आपटायचं?

९ मार्च, रविवार

ताईनं नाक खुपसलं. अरे शहाण्या, म्हणाली, मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं आहेत, वर तसं लिहिलंयसुद्धा. वायर त्यात घाल आणि पट्टीला आपला मोबाइलचा चार्जर लाव. मी म्हणालो, तुला यातलं काय कळतं? म्हणाली, वाचता येतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर तिच्याशी बोललो नाही. ती आंघोळीला गेल्यावर वायर भोकात घातली. चार्जर लावला.

वाजला! गिरणी बंद! ही कल्पना माझ्या डोक्यात पहिल्यापासून होतीच.

११ मार्च, मंगळवार

मोबाइल जोडला गेला, की पट्टीतली एक बाई किंचाळते: कनेक्टेड! तिला गप्प करायला आख्खा दिवस घालवला. ती बधली नाही. शेवटी मी तिला नको नको ते बोललो. त्यावरही कनेक्टेड.

एक गोष्ट मात्र आवडली. एकदा ओळखलेला मोबाइल जवळ आला, की रेडिओ आपणहून त्याला धरतो. निष्ठा म्हणतात ती हीच. माणसांत उरलेली नाही.

१३ मार्च, गुरुवार

तिच्याशी बोलताना माझा आवाज चढतो. प्रेमानं चढतो, लोकांना राग वाटतो. म्हणून जे बोलायचं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. आता ऐकून ऐकून घोटायचं. नाव घेतलं नाही, नावापाशी आवाज जास्तच चढतो.

सुरुवात फारच सुंदर: ऐक, मला तू आवडतेस. मी शांत माणूस आहे. मग चष्मा आठवला. पुढचं जरा वेगात गेलं: तुझे बाबा आडमुठे आहेत, तो येऊन बसतो त्याला लाज नाही, आणि मी चिडलेलो नाही, कोण म्हणतं मी चिडलोय, नाव सांग त्याचं! इथे ताईनं दार बडवलं: जेवायला येतोस, की आमंत्रण पाठवू? तेही रेकॉर्ड झालं. पुसणार होतो, पण सुरुवातीवर जीव जडलाय.

रेडिओतून लावून पाहिलं. आवाज माझा वाटतच नाही. घोगरा, भारदस्त, एखाद्या जुन्या नटाचा.

१५ मार्च, शनिवार

रेडिओ पोचवला. माझ्या मोबाइलवरून गाणं वाजवून दाखवलं. डॉक्टर खूश. पाठीत थाप मारून म्हणाले, अक्कलदाढ आली वाटतं रे तुला! सगळे हसले. चष्मा सोफ्यावर, खिडकीजवळच्या माझ्या जागेवर. तो हसला नाही, नुसता काचा पुसत होता. हेही मला लागलं.

उद्या केव्हा येऊ, असं तिला विचारलं. ती म्हणाली, उद्या घरचेच आहोत रे दादा. म्हणजे चष्मा घरचा? तिचा मोबाइल जोडून द्यायचा होता. गेला खड्ड्यात. रेडिओ तसाच चालू सोडून तडक खाली उतरलो.

खाली आल्यावर ठरवलं, पळायचं नाही. आत्ताच वर जाऊन सर्वांदेखत बोलायचं. त्याआधी एकदा रेकॉर्डिंग ऐकावं, म्हणून त्यांच्या खिडकीखाली उभा राहून लावलं. आवाजच नाही! फुल केला. नाही. पुन्हा पहिल्यापासून. नाही. तिसऱ्यांदा लावलं आणि मोबाइल कुणाच्यातरी स्कूटरच्या सीटवर आपटला. वर सगळे खदाखदा हसत होते. खाली एकाचा जीव जातोय आणि वर हसतायत! अशा वातावरणात प्रेम व्यक्त करता येत नाही. परत आलो.

घरी मोबाइल खणखणीत वाजला. कंपनीला खरमरीत मेल लिहिणार.

१६ मार्च, रविवार

बोलावणं नाही. त्यांच्या बाजूची खिडकी बंद केली. मग उघडली. मग आपटली.

१७ मार्च, सोमवार

ती आली! एकटी. माझ्यासाठी बशीत केक घेऊन.

रेडिओ अप्रतिम झालाय, म्हणाली. शनिवारी मी खाली उतरलो आणि लगेच एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली आणि श्रुतिका सुरू झाली. आपोआप. इतकी विनोदी! एक माणूस प्रेमाची कबुली द्यायला येतो आणि देता देता भांडायलाच उठतो. चिडलेलो नाही, चिडलेलो नाही म्हणून बोंबलतो. बाबांची तर हसून हसून कवळी निसटली. नायिकेचा बाप आडमुठा आहे ना त्यात, त्यावर बाबा म्हणाले, असतात असे बाप, मी पाहिलेत. लागोपाठ तीनदा लागली, लोकप्रिय असणार.

आणि ते एरवी हसतच नाहीत, म्हणाली. चष्म्याला आता ती ‘ते’ म्हणते. पण परवा चष्मा काढून डोळे पुसत होते, इतके हसले. हा माणूस असाही आहे, हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. काल बाबांना तिनं हो सांगितलं.

मी केककडे बघत बसलो.

दादा, म्हणाली, ते स्टेशन नेमकं कुठे लागतं? काट्याखाली तेवढी खूण करून देशील? समोर कोणी नव्हतं, तरी दादाच म्हणाली.

तेवढ्यात आतून ताई ओरडली, जेवायला येतोस, की आमंत्रण पाठवू?

तिचं हसू तिथेच थांबलं. माझ्याकडे बघत राहिली. मग टेबलावरच्या मोबाइलकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी खिशात काहीतरी शोधल्यासारखं केलं. तिनं बशी माझ्याजवळ सरकवली आणि अगदी हळू म्हणाली, खूण राहू दे.

गेली.

राग आला नाही. थोडा वेळ वाट पाहिली, तरी नाही. कपाळाला हात लावून बघितला. तापही नाही.