गाडीवरची खोली आणि मागचा क्यामेरा

प्रिय हरिदासभाऊ,

आरमोरीवाल्या देवरावचा मनापासून जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनीची शुगर उतरली का? तुमची खुशबू अभ्यास करते का अजून मोबाईलच पाहते? मी इकडे मजेत आहे (भाजी रोज करपते, थे सोडा). तुमची बहीण सत्यशीला रागानं तुमच्याकडे चिमूरले आली, त्याले आज चौथा दिवस. ती जेवते का? माझं नाव काढते का? काढत असंल तर कोणत्या शब्दात, थे कळवू नका.

तिनं तिची बाजू सांगितलीच असंल, आता माझी ऐका. बावीस वर्षं मी जुन्या पिकअपमध्ये धान वाहलं. बावीस वर्षं गाडी मागं घ्यायची म्हटली का सत्यशीला मागं उभी. "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायची, आणि गाडीच्या मागच्या फाळक्यावर दोन थापा पडल्या का मी ब्रेक दाबायचो. तिले हौस एकच, बुद्धगया पाहायची. म्हणून यंदा नवी पिकअप घेतली आणि कुलदीप वेल्डरकडून तिच्या डाल्यात, मागं माल भरतो त्या जागेत, बसणारी एक खोली बनवून घेतली. आत गॅस, भांड्याची मांडणी, मागच्या दाराले काच. शहरात याले क्यांपर म्हणतात, आपल्या गावात लोक खुराडं म्हणतात (जळतात, दुसरं काय). नव्या गाडीले मागच्या फाळक्यात क्यामेरा आणि बंपरमध्ये चार सेन्सर. मी खुशीखुशीत सत्यशीलेले म्हटलं, "आता तुले मागं उभं राहून बोंबलायची गरज नाई." माझ्या मनात होतं का बिचारीच्या पायाले आराम. ती काईच बोलली नाई, आत जाऊन तांदूळ निवडत बसली. भाऊ, तुमची बहीण काईच बोलत नाई तवा माणसानं सावध व्हावं, पण मी तर स्क्रीनच्या नादात होतो.

मंग खोली डाल्यात बसवली तर फाळकाच काढावा लागला, आणि क्यामेरा त्याच्यातच होता ना! सेन्सरचं तर विचारूच नका. खोलीची लोखंडी पायरी मागं लोंबते, त्याले वाटे भिंतच आली. रिवर्स टाकला का लेकरू चिमटल्यावानी किंचाळे. प्रफुल इलेक्ट्रिशियननं (मोटारपंप चांगले बांधते, गाडीचं मले आता शंका आहे) सेन्सरवर काळी चिकटपट्टी लावून तोंड बंद केलं. क्यामेरा बाहेर लावू म्हणे, तर मीच अडवलं. बाहेर लावला का वांदरं उपटून नेतीन! म्हणून तो आतून काचेले लावला, बाहेर पाहत. आरशाचा तर उपयोगच नाई, खोली एवढी रुंद का आरशात खोलीच दिसते.

आता माझी चूक म्हणा का नशीब म्हणा. चामोर्शीच्या बाजारापर्यंत ट्रायल म्हणून आम्ही दोघं निघालो. त्याच सकाळी सत्यशीलेनं त्या काचेले पडदा शिवून लावला होता, क्यामेऱ्याच्या पुढूनच. हिरवा, पानापानाचा. मले काय माहीत! वाटेत धानाच्या एका बांधीजवळ चहाले उतरलो, मंग मी एकटाच गाडीत बसलो आणि वळवायले रिवर्स टाकला. स्क्रीनवर पाहतो तर हिरवंगार, पानंच पानं. आपल्या झाडीपट्टीत मागं दुसरं काय दिसणार? म्हटलं, मोकळं रान आहे, आणि बिनधास्त पाय दाबला. घनश्याम नावाच्या शेतकऱ्याचं पेंढ्या रचून ठेवलेलं धानाचं पुंजणं अर्धं खोलीवर, अर्धं माझ्या अब्रूवर आलं. उतरून पाहतो तर सत्यशीला पुंजण्याच्या बाजूले हाताची घडी घालून उभी! सगळं पाहत होती बाई. म्हटलं, "अवो, सांगितलं काऊन नाई?" तर म्हणते, "तुमच्या क्यामेऱ्यानं नाई सांगितलं का?" आणि समोरून आलेल्या यष्टीत चढली. मी तिनईसांजेपर्यंत पेंढ्या रचत बसलो. घनश्यामभाऊनं कीव करून जेवू घातलं, चांगला माणूस आहे.

बाकी सब ठीक. तिले म्हणा, मी बोलावत नाई, तिची मर्जी असंल तवा यावं. वहिनीले जयभीम, खुशबूले आशीर्वाद.

तुमचा,
देवराव

ता. क. "मी बोलावत नाई" हे रागात लिहिलं. मोठ्यानं वाचत असाल तर तेवढं गाळा.

ता. क. दुसरा. चिठ्ठीवर तिकीट नाई, हे पाहून तुम्ही समजलेच असाल. खुशबू नळावर भेटली, तिच्याच हाती देतो. मी तुमच्या गल्लीत आहे. गाडी सरळ आत घातली, तर पुढं गल्लीच संपली. एका बाजूले नाली, दुसऱ्या बाजूले तुमच्या शेजारच्या रीताबाईची भिंत, कालच बांधलेली, अजून ओली. आता मागंच जावं लागते. पडदा काढला तर दिसंल, हे मलेही समजते. पण तिनं शिवलेला आहे, काढायले हात नाई होत.

ता. क. तिसरा. तुम्ही म्हणाल, मीच येतो मागं उभा राहायले. तुम्ही येऊ नका भाऊ. खोलीत पलंग दोन आहेत, आणि मले एकट्याले बुद्धगया नाई पाहायची. तिलेच पाठवा.