बाबा सर्विसमध्ये असताना

रेल्वे कॉलनी, चरोदा
१४ डिसेंबर २०२५

प्रेमानंद,

जयभीम. आमचे इकडे ठीक आहे. थंडीत आईचे गुडघे दुखतात, बाकी काही नाही. तू नागपूरला नीट पोचलास असे तुझ्या आईकडून, म्हणजे रुक्मामावशीकडून कळले.

हे पत्र आईने लिहायला लावले. फोनवर तू हसून विषय बदलशील, असे तिचे म्हणणे. ती समोर मटार सोलत बसली आहे. लिहून झाले की तिला वाचून दाखवायचे आहे.

गेल्या रविवारी भिलाईच्या साहित्य मेळ्यात तुझ्या कार्यक्रमाचा यजमान मी होतो. पुस्तकांतले मला काही कळत नाही. मेळा भरवणाऱ्या सिंधुताईंनी प्रश्नांचा कागद हातात दिला आणि म्हणाल्या, "शाळेतला दोस्त आहे न तुमचा, मग घाबरता कशाला?" तुझ्या रहस्यकथेची चाळीस पाने वाचून मी मंचावर चढलो. ही माझी चूक. पुढची वाचली असती तर तुझ्या खांद्यावर शाल घातली नसती.

तिसरा प्रश्न मीच विचारला, ही गोष्ट सुचली कशी? तू माझ्याकडे पाहून हसलास आणि माइकमध्ये म्हणालास, "इथल्याच एका दोस्तानं चाय पिता पिता सांगितलं होतं. बाप रिटायर व्हायच्या आधी गेला तर नोकरी पोराले लागते. बस, मले खुनी भेटून गेला."

लोक हसले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आई तिसऱ्या रांगेत बसली होती.

तुझ्या पुस्तकातला मुलगा बापाच्या हृदयाच्या गोळ्या बदलतो. माझे बाबा यार्डात पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलायचे. रिटायरमेंटला पाच महिने राहिले असताना ड्युटीवर छातीत कळ आली आणि गेले. त्यांच्या गोळ्या दर महिन्याला मी आणत होतो, एकदाही चुकलो नाही. तुला हे माहीत होते. त्यांना खांदा तूही दिलास. त्या दिवशी शेजारचे कृष्णराव सांत्वनाला आले आणि म्हणाले, "सर्विसमधेच गेले, पोराचं होऊन गेलं." तसे म्हणणारे ते एकटे नव्हते. तू तिथेच उभा होतास. त्यांच्यातल्या कोणाला तू खुनी केले नाहीस.

परत येताना ऑटोत आईने विचारले, "तो दोस्त कोन रे?"

"मले काय मालूम."

"मंग लिही त्याले. त्या दोस्ताचं नाव सांग म्हना. कॉलनीतले लोक तुह्याकडंच पाहून राहिले."

आठ दिवस मी टाळले. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि दारोदार सांगत फिरली की माझा सुगत असे बोलूच शकत नाही.

तर नाव मीच लिहितो. तो दोस्त मी. सात वर्षे बेकार होतो, बाबांच्या पगारावर जेवत होतो. ते वाक्य माझ्या तोंडून निघाले आणि तिथेच, चहाच्या टपरीवर, मी रडलो. तू माझ्या पाठीवर हात ठेवला होतास. पुस्तकात तेवढे लिहायचे राहिले. बाबा त्यानंतर दोन महिन्यांनी गेले. ज्या नोकरीवर मी रोज जातो, ती तीच आहे, बाबांच्या जागी मिळालेली. हे मला कोणी सांगायला नको होते, आणि माइकवरून तर नकोच होते.

इथवर आईला वाचून दाखवले. तिचे हात थांबले. मटार बाजूला सारून म्हणाली, "बोलला होता तर बोलला होता." मग शेवटच्या महिन्यात छाती दुखत असूनही बाबांनी सिक लीव्ह का घेतली नाही, आणि माझ्या नोकरीबद्दल ते तिच्याशी काय बोलले होते, ते तिने मला पहिल्यांदा सांगितले.

आणि म्हणाली, "हे नोको लिहू त्याले. तो याचंबी पुस्तक करन."

म्हणून लिहीत नाही.

मार्चमध्ये बाबांच्या स्मृतिदिनाचे पुण्यानुमोदन आहे. तू येऊ नकोस.

देवाजींचा मुलगा,
सुगत