चावी खुंटीवर आहे

३ नोव्हें., सोम.

१६ तारखेच्या घरकामगार मेळाव्यासाठी सुरुवात जमली:

'भिवंडीच्या घराघरांत धुणीभांडी करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या माझ्या बहिणींनो, काम असतं तेव्हा तुम्ही आमच्या घरच्याच असता. कानातलं हरवलं की त्याच क्षणी नोकर होता. हा अपमान एकीचा नाही, या सभागृहातल्या प्रत्येकीचा आहे.'

बरं आहे. 'नोकर होता' नंतर थांबायचं. टाळ्यांकडे बघायचं नाही.

उदाहरण सुनंदाचं, नाव घेणार नाही. सहा वर्षं ती माझ्याकडे स्वयंपाकाला आहे. आधीच्या घरी कुडी हरवली, हिची झडती घेतली. कुडी सोफ्यात सापडली, माफी कोणी मागितली नाही. तेव्हापासून घरातल्या कशालाही ती आपणहून हात लावत नाही. 'ताई, हातात द्या.' साखरेची पिशवी कपाटात समोर दिसत असते, तरी हातात द्या. मी हिला गाडी शिकवली, लर्निंग लायसन्स काढून दिलं, दोन भाषणांत तिचं उदाहरण दिलं. गिअर झकास टाकते. पण चावी दाराजवळच्या खुंटीवरून काढून मीच तिच्या तळहातावर ठेवायची.

उद्या कशेळीच्या प्रेसमधून पत्रकं आणायची. मालकाला फोन केला, कोणीतरी येईल म्हटलं.

४ नोव्हें., मंगळ., दुपार

अपघात. सुनंदाच्या हातून. कशेळीला. माणूस जिवंत आहे. जिवंत आहे असं सांगतात.

तीच तारीख, संध्याकाळी

क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं जागेवर राहील.

अकरा वाजता सुनंदाला म्हटलं, पत्रकं घेऊन ये. ती म्हणाली, "ताई, तिकडं कंटेनर असत्यात. तुमी बसा ना बाजूला." मला भाषणाचा दुसरा भाग लिहायचा होता. ती ओट्यापाशी उभी राहिली, हात पुढे करून. आणि मी कागदावरून मान न उचलता म्हणाले, "किती दिवस हातात द्या, हातात द्या? चावी खुंटीवर आहे. स्वतः घे."

सहा वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतः घेतली. चावीचा आवाज ऐकून मला बरं वाटलं होतं. शिकवलेलं रुजलं, असं काहीतरी.

कशेळीत गोदामांच्या वळणावर समोरून कंटेनर आला, हिने डावीकडे घेतलं. तिथे एक माणूस सायकल हातात धरून उभा होता. रामसकल नाव. गोदामात माल चढवतो. मांडीचं हाड मोडलंय, डोक्याला मार. शुद्ध नाही.

सुनंदा पळाली नाही. लोक जमले तरी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली, असं म्हणतात.

मी घरी होते. दुसरा भाग लिहीत होते.

५ नोव्हें., बुध.

पोलीस ठाणे. साळवी सोबत. वकील आहे, माझा शाळेतला विद्यार्थी, मला अजून बाईच म्हणतो.

हवालदाराने विचारलं, गाडी कोण चालवत होतं. माझ्या तोंडून निघालं, "बाई." त्याने वर पाहिलं. "बाई म्हणजे तुम्ही?" साळवी मधे पडला. ह्या आमच्या शाळेच्या बाई, चालवत होती ती ह्यांच्याकडची स्वयंपाकाची बाई. हवालदार म्हणाला, "साहेब, दोन्हीकडे बाईच. मग मी आरोपी कुठली बाई लिहू?" बाकावरचे दोघे हसले. मीही हसले.

सुनंदा कोपऱ्यात स्टुलावर. पदर तोंडाला. नोटीस देऊन संध्याकाळी सोडलं तिला. गाडी जमा.

लर्निंग ऑगस्टमध्येच संपलंय. मला माहीत होतं. पक्क्या लायसन्सच्या टेस्टची तारीख मिळाली होती, त्या दिवशी माझ्याकडे पुण्याचे पाहुणे जेवायला. मीच म्हटलं, टेस्ट काय, पुढची तारीख घेऊ. सतरा पोळ्या झाल्या त्या दिवशी. तारीख घेतली नाही.

माझा जबाब सोमवारी, १७ ला, अकरा वाजता.

६ नोव्हें., गुरु.

साळवीच्या ऑफिसात दोन तास. त्याने सावकाश सांगितलं. शाळेत मी त्याला अपूर्णांक शिकवायचे तसं.

त्याचं म्हणणं असं. ती कुणाच्या कामाला गेली होती, यावर सगळं आहे. माझ्या कामाला गेली असेल तर कायद्यात तिचा हात म्हणजे माझा हात. भरपाईचा दावा ठाण्याच्या कोर्टात माझ्यावर. विमा कंपनी जखमीला आधी देईल, पण चालवणारीकडे चालू लायसन्स नाही म्हणून माझ्याकडून वसूल करायला येईल. शिवाय लायसन्स नसलेल्या माणसाला गाडी दिली, हा माझा वेगळा गुन्हा. आणि तो माणूस गेला तर... साळवी पाणी प्यायला.

माझ्याकडे हे दोन खोल्यांचं घर आहे. दुसरं काही नाही.

मग त्याने विचारलं, प्रेसवाल्याला कोण येणार ते सांगितलं होतं का. नाही, 'कोणीतरी' म्हटलं होतं. त्याने ते लिहून घेतलं. आयुष्यभर स्टेजवरून तिला नाव द्या म्हणत आले, आणि फोनवर ती 'कोणीतरी'.

"बाई, चावी तुम्ही दिलीत?"

"नाही. तिने घेतली. खुंटीवरून."

पेन थांबलं. "हातात नाही दिलीत?"

"नाही."

"मग एवढंच सांगा. चावी तिने स्वतः खुंटीवरून घेतली. खोटं काही बोलायचंच नाही आपल्याला."

रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्याने हात धरून पलीकडे नेलं.

७ नोव्हें., शुक्र.

सकाळी वंदना. पंचशील म्हणताना दुसऱ्यापाशी अडखळले. अदिन्नादाना. न दिलेलं घ्यायचं नाही. पन्नास वर्षं म्हणतेय. सुनंदाला हे शब्दही माहीत नाहीत, ती कुणब्याची, अकलोलीची. सहा वर्षं माझ्या घरात ते शील अक्षरशः पाळलं तिने. मोडलं एकदाच, मी सांगितलं म्हणून.

चौथ्यापर्यंत गेलेच नाही. चौथं खोटं न बोलण्याचं.

लिफ्टचं दार वाजलं की उठून कडी बघते. फोन उशीखाली ठेवलाय.

८ नोव्हें., शनि.

रुग्णालयात गेले. साळवीने जाऊ नका म्हटलं होतं. बिस्किटं नि केळी घेतली, लाज वाटली, तरी घेतली.

रामसकल काल शुद्धीवर आलाय. छताकडे बघतो, बोलत नाही. बायको खाटेजवळ जमिनीवर बसलेली. माझी पांढरी साडी बघून तिला वाटलं कुठल्या संस्थेची. विचारलं, "आप किसकी तरफ़ से आई हैं, बहनजी?"

हजार माणसांसमोर कागदाशिवाय तासभर बोलते मी. वॉर्डात, त्या एका प्रश्नाला, तोंडातून एक अक्षर निघालं नाही. केळी ठेवली आणि बाहेर आले. जिन्यावर बसून राहिले.

किसकी तरफ़ से.

१० नोव्हें., सोम.

सुनंदा आली. सहा दिवसांनी. दारातच उभी. आत ये म्हटलं तर चपला हातात घेऊन आली. डाव्या मनगटाला पट्टी. विचारलं नव्हतं मी, तिला काही लागलं का. आज विचारलं. न्हाय म्हणाली.

तिच्या नवऱ्याला कुणीतरी सांगितलंय की ताई तुझ्या बायकोवर चोरीची केस टाकणार. कुणी, ते सांगेना. मी काही बोलायच्या आत तीच बोलू लागली. पाठ करून आली होती.

"ताई, साहेबांनी इचारलं तर काय सांगू, ते तुमीच सांगा. तुमी म्हनाल तसंच सांगीन. बेदरकार म्हना, अडाणी म्हना, लायसन न्हाय म्हना. जेलात जाईन. फकस्त चावी न इचारता घेतली, तेवढं म्हनू नका."

"का?"

"येकदा झडती झाली हाय माझी."

चहा करते म्हणाली. ओट्याशी गेली, पातेलं समोर होतं. मागे वळली आणि हात पुढे केला. मी पातेलं उचलून तिच्या हातात दिलं.

१२ नोव्हें., बुध.

प्रणयचा फोन, पुण्याहून. साळवीने त्याला सगळं सांगितलंय. आधी समजुतीने बोलला, मग चढला. आई, तुला तुरुंग परवडणार का, तुझी शुगर किती आहे, घर गेलं तर माझ्याकडे राहशील, पण तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू राहणार नाहीस. सगळं खरं. शेवटी म्हणाला, "हे स्टेज नाहीये आई. इथे कोणी टाळ्या वाजवणार नाही."

मी म्हटलं, तिच्यावर चोरीचा डाग येईल.

"चोरी कोण म्हणतंय? चावी तिने घेतली, एवढंच. वाक्य खरं आहे ना?"

वाक्य खरं आहे. दिवसभर तेच. शेल्फवर कामगार कायद्यांची, वेठबिगारीची चार फळ्या पुस्तकं. एकही काढून वाचता आलं नाही. जिच्यासमोर वंदना म्हणते त्या भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत नाही मी आठवडाभर. जेवताना पाठ करून बसते.

भीती अशी असते हे कुणी लिहिलेलं आठवत नाही. मला वाटायचं भीती म्हणजे पळावंसं वाटणं. ही तर हिशेबी आहे, शांत आहे, माझ्याच आवाजात बोलते, व्याकरण शुद्ध.

१४ नोव्हें., शुक्र.

साळवीने जबाबाचा मसुदा टाइप करून पाठवला. अर्धं पान. तीनदा वाचला.

'सुनंदा माझ्याकडे स्वयंपाकाचे काम करते. गाडी चालवणे हे तिच्या कामात मोडत नाही. घटनेच्या दिवशी मी घरी लेखन करीत होते. गाडीची चावी तिने स्वतः खुंटीवरून घेतली. मी चावी तिच्या हातात दिली नाही.'

पाच वाक्यं. एकातही खोट काढता येत नाही. सुंदर मराठी. मीच शिकवलंय त्याला.

फोनवर त्याला म्हटलं, मी 'घे' म्हणाले होते, ते कुठाय यात? तो म्हणाला, "बाई, ते कुणी ऐकलं?"

तिने ऐकलं.

"तिचं कोण ऐकणार?"

तो दुष्ट नाही. मला वाचवतोय. माझ्या प्रत्येक भाषणाला पुढच्या रांगेत असतो.

१६ नोव्हें., रवि.

मेळावा झाला. रद्द करायचा होता, धीर झाला नाही तोही.

सभागृह भरलेलं. पत्रकांशिवाय. सुनंदा तिसऱ्या रांगेत, पट्टी बांधलेल्या हाताने पदर धरून. सुरुवात केली, ठरल्याप्रमाणे. 'त्याच क्षणी नोकर होता' म्हटलं आणि थांबले. टाळ्या आल्या.

शेवट कागदावर वेगळा होता. बोलले ते असं:

'बहिणींनो, मोर्चा नंतर काढू. आधी एक करा. उद्या सकाळी मालकीण घराबाहेरचं काम सांगेल, बँकेत जा, औषध आण, गाडी काढ, तेव्हा दारातच थांबा. तिच्याकडून एक ओळ लिहून घ्या. हिला मी पाठवलं. खाली सही. सही मिळेपर्यंत उंबरा ओलांडू नका.'

मग मागून एक जाडशी बाई, यंत्रमागवाल्यांच्या वस्तीतली असावी, बसल्याजागी म्हणाली, "बाई, तुम्ही दिली का तुमच्या बाईला?"

सगळ्या हसल्या. प्रेमाने हसल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

सुनंदा हसली नाही. तिने मान खाली घातली, माझ्यासाठी. मला लाज वाटू नये म्हणून.

१७ नोव्हें., सोम., सकाळी साडेनऊ

साळवी सव्वादहाला घ्यायला येणार. टेबलावर दोन कागद. एक त्याचा, टाइप केलेला. दुसरा माझ्या अक्षरात, पहाटे उठून लिहिलेला:

'४ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता सुनंदाला माझ्या कामासाठी कशेळीला मी पाठवलं. तिचं लायसन्स संपलंय हे मला माहीत होतं. ती नको म्हणत होती. चावी घे, हे मी सांगितलं.'

दोन्ही खाली कोरे आहेत.

रामसकल काल दोन घास जेवला म्हणे. पाय बरा व्हायला वर्ष लागेल, की होणारच नाही, नक्की नाही. पुढचं काहीच नक्की नाही. घर राहील का, प्रणय बोलेल का, त्या ठाण्यातून मी संध्याकाळी घरी येईन का.

सुनंदा आलीय. आत पीठ मळतेय. परात मी तिच्या हातात दिली.

खुंटी रिकामी आहे. चावी पोलिसांकडे.

लिफ्ट थांबली. साळवी लवकर आला. भरल्या सभागृहाला सांगितलंस, सही मिळेपर्यंत उंबरा ओलांडू नका. दुसरा कागद पुढे ओढ. पेन उघड.

सही कर, बाई.