नाकतोडीचा दात

ती. आत्या,

तुला नमस्कार आणि तुझ्या कंबरेला वेगळा, कारण मागच्या फोनवर सगळा वेळ तिनेच खाल्ला. शेक घेतेस ना? मी बरी आहे. उजवा गुडघा सोडून बाकी सगळी बरी आहे.

तू विचारलं होतंस की स्पर्धेचं काय झालं. हरले. पण कशी हरले ते लिहायलाच हवं, कारण आईच्या कानावर अर्धंच गेलंय आणि ती समजतेय की मी कुणाला तरी मारलं.

आमच्यासारख्या खालच्या नंबरच्या खेळाडूंना हॉटेल परवडत नाही, म्हणून स्पर्धावाले कुणाच्या तरी घरी उतरवतात. मला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे उतरवलं होतं. बाई एकट्या, प्रेमळ, फक्त तुम्ही हसलात की डोळ्यांत न बघता दातांत बघायच्या. त्याच खोलीत दुसऱ्या पलंगावर एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. पाय इतके लांब की पलंगाबाहेर लोंबायचे. मी मनातल्या मनात तिचं नाव नाकतोडी ठेवलं. (ते मग तोंडातून निसटलं. ती हसली आणि तेच नाव कायम झालं.) पहिल्या रात्री आम्ही छान गप्पा मारल्या, तिने माझा गुडघा बांधून दिला, आणि सकाळी कळलं की पहिल्याच फेरीत माझी गाठ तिच्याशीच आहे. बाईंनी आम्हा दोघींना एकाच गाडीतून कोर्टवर नेलं.

आता स्क्वॉश तू कधी नीट पाहिला नाहीस. (बाबांनी एकदा पाहिला आणि म्हणाले, भिंतीशी भांडून कुणाचं पोट भरतं का. सोळा वर्षं भरतंय, अर्धपोटी का होईना.) टेनिसमध्ये निदान मध्ये जाळी असते. इथे दोघी एकाच खोलीत, एकाच भिंतीवर मारायचं, आणि वर एकमेकींना वाटही द्यायची. एका ओट्याशी दोन जावा, असं समज. तर मी दोन गेम जिंकलेले, तिने एक. चौथ्या गेममध्ये चेंडू मागच्या कोपऱ्यात गेला, मी वळून जोरात मारला, आणि रॅकेट परतताना ती नको तितकी जवळ आलेली. नाव नाकतोडी आणि तुटला मात्र दात, तोही पुढचा.

खेळ थांबला. मी गुडघ्यांवर बसून दाताचा तुकडा शोधत होते. (पांढऱ्या भिंतीजवळ पांढरा तुकडा.) डॉक्टरीणबाई प्रेक्षकांतून चपला हातात घेऊन धावत आल्या, तुकडा दुधाच्या पेल्यात टाकला, तिच्या तोंडात कापूस कोंबला आणि पंचांना म्हणाल्या, ही खेळेल. ती खेळली. कापसासकट तो गेम घेतला आणि पाचवाही घेतला. मी वाईट वाटून हात राखला, असं आईला वाटेल. तसं काही नाही. राखायला हातात काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी तुकडा चिकटवला आणि आम्ही तिघी एकाच टेबलाशी जेवायला बसलो. मी तिच्यासाठी बटाटे कुस्करत होते. तिच्या प्रशिक्षकांना या गावी येणं जमलं नव्हतं. दोन गेमच्या मधल्या विश्रांतीत सगळ्यांच्या कानाशी कुणीतरी असतं, तिच्या नव्हतं. ओठ न हलवता ती म्हणाली, "ताई, उद्या माझ्या बाजूनं बसशील?"

मी बसले. आत्या, इतकी वर्षं त्या खोलीत घालवली, पण मागच्या काचेच्या भिंतीबाहेरून ती कधी अशी बघितलीच नव्हती. आतून नेहमी ती अंगावर यायची. बाहेरून केवढी मोकळी जागा दिसली. समोरची खेळाडू चेंडू यायच्या आधीच पुढे सरकते हे मला दुसऱ्या गेममध्येच दिसलं. विश्रांतीत नाकतोडीला एवढंच सांगितलं, "मागच्या डाव्या कोपऱ्यात टाक. कंटाळा आला तरी तिथेच टाक." ती जिंकली. मी हरलेय हे मला संध्याकाळपर्यंत आठवलंसुद्धा नाही.

तेव्हा ठरवलं, आता पुरे. तिच्या प्रशिक्षकांनीही फोन करून विचारलंय की दौऱ्यांवर तिच्याबरोबर जाशील का. मी हो म्हणाले. रडले नाही. थोडीशी रडले, पण अंघोळीच्या वेळी, तेव्हा ते धरायचं नाही.

कंबर सांभाळ. औषध चुकवू नकोस.

तुझी,
भाची

ता. क. : बाबांना तू सांग. मी थांबले म्हटल्यावर ते फक्त "बरं" म्हणतील आणि गच्चीवर जाऊन बसतील, आणि ते बघणं मला जमणार नाही. तू धाकटी बहीण आहेस, तुझ्यासमोर बोलतील.

ता. क. २ : पुढच्या महिन्यातली स्पर्धा तुझ्याच गावात आहे. नाकतोडीला आणि मला तुझी मागची खोली हवी. तिला लांब पलंग लागेल, नाहीतर पायांशी स्टूल लाव.

ता. क. ३ : बाबांना इतक्यात काही सांगू नकोस. त्या स्पर्धेत मीही नाव दिलंय. (शेवटचं. थांबायचं तर हरून कशाला थांबायचं?) आम्ही दोघी समोरासमोर आलो तर तू कुणाच्या बाजूने बसणार ते आधीच ठरवून ठेव. तिच्या बाजूने बसलीस तर मला वाईट वाटणार नाही. वाटेल.