हलणारे भाग कमी

२ जानेवारी
विमा कंपनीतल्या नोकरीचा राजीनामा दिला. साहेबांनी कारण विचारलं. पॅशन, म्हटलं. इलेक्ट्रिक गाड्या. त्यांनी इतक्या झटकन सही केली की ते मनातून माझ्यावर जळतात हे उघड झालं.
संकल्प: बाबांच्या डिझेल गॅरेजचं ईव्ही गॅरेज करायचं. रोज पहाटे उठून बॅटरीचा अभ्यास. बायकोशी वाद घालायचा नाही.

३ जानेवारी, सकाळी दहा
पहाट हुकली. राजीनाम्याचा मानसिक थकवा.
बाबांना व्हिजन समजावली. इंजिनात हलणारे भाग ढीगभर, इलेक्ट्रिक गाडीत मोजकेच. ऑइल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. बिघडायला आहेच काय? बाबा चिंधीने हात पुसत ऐकत होते. म्हणाले, तू शिकलेला आहेस, बघ बाबा. याचा अर्थ परवानगी.

१९ जानेवारी
ऑनलाइन कोर्स पूर्ण. सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावलं. तिथे बाबांचे पाने टांगलेले असायचे, ते डब्यात टाकले. आता प्रत्येक पान्यासाठी ते डबा उपसत बसतात. सवय सुटायला वेळ लागणारच.

५ फेब्रुवारी
गाडीखाली उतरून काम करायचा गॅरेजमधला खड्डा बुजवून घेतला. वर पांढरीशुभ्र फरशी. इलेक्ट्रिक गाडीतून तेल गळत नाही, मग भ्यायचं कशाला? बाबा गावाला गेले होते, म्हणजे सरप्राइजच. परत आले आणि दारातच चपला काढून उभे राहिले. बराच वेळ आत आले नाहीत. आवडलेली दिसली.

१४ फेब्रुवारी
डॉक्टरांची गाडी आली. काळा धूर. बाबा बोनेटला कान लावून इंजिन ऐकायला लागले. (एमआरआयच्या जमान्यात ही नाडीपरीक्षा.) मी डॉक्टरांना बाजूला घेऊन बसवलं आणि इलेक्ट्रिक गाडीचं सगळं सांगितलं. उठले तेव्हा पूर्ण कन्व्हिन्स झाले होते. ही दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवीनच बुक करतो, म्हणाले. बाबांनी बोनेट खाली केलं आणि चहाला गेले. पहिलं यश.
जेवताना बायकोने विचारलं की ती नवी गाडी बिघडली तर डॉक्टर आपल्याकडे येणार का. वॉरंटी आहे तोवर कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते, मी सांगितलं. शिवाय ती बिघडत नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली. माझं नॉलेज तिला पहिल्यांदाच जाणवलं असावं.

२ मार्च
मुख्याध्यापिका बाई, टेलर, औषधांचे दुकानदार, सगळ्यांनी इलेक्ट्रिक बुक केली. सगळी बाबांची जुनी गिऱ्हाइकं. बाई तर म्हणाल्या, तुमच्या बाबांनी आम्हाला कधी फसवलं नाही, तेव्हा तुम्ही सांगताय ते खरंच असणार. याला नेटवर्क म्हणतात. बाबांनी ते जन्मभर नुसतं सांभाळलं, वापरलं मी.

११ मार्च
एक टेम्पो आला. खड्डा नाही, म्हणून बाबा फरशीवर उताणे झोपून त्याच्याखाली सरकले. दुपारपर्यंत तसेच. उठताना पाठ धरली, दोन वेळा खाली बसले. तरी मी आधी फरशीच बघितली. तेलाचा डाग पडला होता. बोललो. टेम्पोवाल्यासमोर बोललो. बाबांनी साबण आणला आणि गुडघ्यावर बसून डाग घासला. वाईट वाटलं मला. पण स्टँडर्ड म्हणजे स्टँडर्ड.

४ एप्रिल
त्या टेम्पोनंतर कोणी फिरकलं नाही. कारण: मार्केट अजून मॅच्युअर नाही. बायकोने घरी शिकवण्या सुरू केल्यात. बाहेरच्या खोलीत मुलांची कलकल असते, त्यामुळे माझा बॅटरीचा अभ्यास नाइलाजाने बंद. तिला करिअरचं गांभीर्य नाही.

१७ एप्रिल, दुपारी बारा
डॉक्टर आले. नव्या इलेक्ट्रिक गाडीतून. आमच्या फरशीवर पहिली ईव्ही. मी रबरी ग्लोव्ह्ज चढवून धावलो.
दुपारी साडेबारा
मिठाई द्यायला आले होते. एक तक्रार नाही, म्हणाले, तुम्ही सांगितलंत तश्शी निघाली. आता गॅरेजची कटकटच संपली. जाता जाता चाकांत हवा तेवढी मागितली. बाबांनी चारही चाकं भरली. डॉक्टर पैसे द्यायला लागले, तर बाबा हवेचे घेत नाही म्हणाले.
ग्लोव्ह्ज पुन्हा पाकिटात घातले. निराश अजिबात नाही.

२ मे
बाबांनी बस डेपोत हंगामी काम धरलं. या वयात. मला न विचारता. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, मुलाचा स्टार्टअप आणि बाप डेपोत. ते म्हणाले, तिथे खड्डा आहे. टोमणा होता की माहिती, कळलं नाही. संताप आला. माझ्यावर विश्वास म्हणून कुणाचा नाहीच.

९ मे
गॅरेज भाड्याने दिलं. प्लायवूडचं दुकान येतंय. नव्या माणसाला फरशी फार आवडली. कौतुक करणारा भेटला तो असा.
संध्याकाळी बाबा डेपोतून आले. आज मात्र राहवलं नाही, त्यांना म्हटलं, एकदा काय ते बोलून टाका, शिव्या द्या. त्यांनी मोरीत हात धुतले. कोपरापर्यंत, सावकाश. म्हणाले, शिव्या कशाच्या? तू लोकांना जे सांगितलंस त्यातलं एक अक्षर खोटं निघालं नाही. थोडं तरी निघायला हवं होतं रे.
मग जेवायला बसले. मला भूक नव्हती. तरी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.